फोटोशेजारी नकाशाही छापा

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत घराच्या नूतनीकरणावर लेख येतात, ते मी आवर्जून वाचतो. मी सुतार आहे आणि बऱ्याच वर्षांपासून फक्त स्वयंपाकघरंच करतो. त्यामुळे स्वयंपाकघराचं पान निघालं की त्यावरचे फोटो मी जास्तच वेळ बघतो. फोटो सुंदर असतात. पण त्यातल्या ओट्याची उंची किती, तो कुणासाठी बांधला, सांडपाण्याचा पाइप कुठून गेला, गॅस कुठे बंद करता येतो, यातलं काहीच त्या पानावर नसतं. लोक तोच फोटो मोबाइलवर घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "असंच हवं." म्हणून ही विनंती. प्रत्येक फोटोशेजारी त्या खोलीचा मापांसकट नकाशा छापा. हे आपल्या घरात बसेल की नाही, ते वाचकाला नकाशावरूनच कळेल.

एवढं लांब पत्र लिहायचं कारण असं, की स्वयंपाकघर नव्यानं करताना बहुतेक घरांत ठरवण्याचा क्रम उलटा लागतो. आधी शटरचा, म्हणजे कपाटाच्या दाराचा, रंग ठरतो, मग ओट्याचा दगड, मग हँडलं. पाणी, निचरा, गॅस, वीज आणि ओट्याची उंची यांचं "काम सुरू झाल्यावर बघू" असं होतं. शटर आवडेनासं झालं तर बिजागऱ्यांवरून काढून दुसरं लावता येतं, त्याला फारसा वेळ लागत नाही. भिंतीतला पाइप हलवायचा तर टाइल फोडायची, ओटा उचलायचा, प्लॅस्टर करायचं, आणि फोडलेली टाइल त्याच रंगात पुन्हा मिळेलच असं नाही. जे नंतर बदलता येणार नाही ते आधी ठरायला हवं, रंग सगळ्यांत शेवटी. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते पटवून द्यायला मला दर कामाला झगडावं लागतं.

नव्या कामाला गेलो की टेप काढण्याआधी मी विचारतो, "इथं रोज उभं कोण राहतं?" पुष्कळदा जे माझ्याशी बोलत असतात ते स्वतः तिथं उभे राहणारे नसतात. जे उभे राहतात ते आत कामात असतात आणि त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. त्यांना बोलवा, त्यांच्याशिवाय मला माप घेता येणार नाही, असं मी स्पष्ट सांगतो. हा माझा हट्ट आहे आणि मी तो सोडत नाही.

माप कशाचं? कोपराचं. घरात ज्या चपला घालता त्या घालून, किंवा अनवाणी वावरत असाल तर अनवाणी, सरळ उभं राहायचं आणि हात कोपरात काटकोनात वाकवायचा. जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची घ्यायची आणि त्यातून दहा ते पंधरा सेंटिमीटर वजा करायचे. हाताला सोसणारी ओट्याची उंची ती. 150 सेंमी उंचीच्या माणसाचं कोपर साधारण 94-95 सेंमीवर येतं, म्हणजे त्याला 80 ते 85 सेंमीचा ओटा हवा. तयार कपाटांचा ओटा बहुधा 90 सेंमीच्या आसपास येतो. तो अशा माणसाला उंच पडतो, मग चिरताना खांदे वर उचलले जातात आणि संध्याकाळी मान धरते. उलट, उंच माणसाला बुटका ओटा दिला की कंबर वाकते. रोज दोन-तीन तास, वर्षानुवर्षं वाकते. दुखणं सुरू झालं की लोक औषध घेतात, ओट्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आणि सगळा ओटा एका पातळीत असलाच पाहिजे असा नियम नाही. शेगडीवर पातेलं चढलं की हात त्याच्या काठाच्या वर चालतो, म्हणून शेगडीखालचा भाग पाच-सात सेंमी खाली घेतला तर पातेल्यात डोकावता येतं आणि ढवळताना हात उचलून धरावा लागत नाही. मळताना अंगाचा भार खाली द्यावा लागतो, त्यालाही खालचीच पातळी बरी. सिंकचं याच्या उलट आहे. घासण्याचं काम सिंकच्या तळाशी चालतं. तळ काठापासून वीस-बावीस सेंमी खोल असेल तर हात तेवढे खाली जातात आणि पाठ त्यांच्यामागे जाते. म्हणून सिंकचा काठ थोडा वर हवा. एका घरात आई 145 सेंमीच्या आणि मुलगा 180 चा होता, स्वयंपाक दोघंही करायचे. तिथं शेगडीकडचा भाग आम्ही आईंच्या मापानं ठेवला आणि खिडकीकडचा भाग मुलाच्या मापानं वर उचलला. सिंक त्या वरच्या भागात गेलं, घासण्याचं काम मुलानं आपल्याकडे घेतलं होतं. दोन पातळ्या डोळ्याला खटकतील, अशी घरच्यांना भीती होती. आजतागायत त्या दोघांपैकी कुणी तक्रार केलेली नाही.

माप कागदावर बरोबर आलं तरी अंगावर घेऊन बघा. टेबलावर विटा आणि फळी रचून ठरलेल्या उंचीची जागा करा आणि दोन-चार दिवस तिथंच चिरा, मळा, लाटा. खांदे आणि कंबर आपणहून सांगतात.

मी ज्या वास्तुविशारद बाईंकडे सुरुवातीला काम केलं, त्यांनी मला जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराबद्दल सांगितलं होतं. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी 1926 मध्ये फ्रँकफर्ट शहरातल्या नव्या वसाहतींसाठी ते आखलं. खोली जेमतेम 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. आगगाडीच्या भोजनडब्यातलं अरुंद स्वयंपाकघर त्यांनी अभ्यासलं, घरात काम करणारा माणूस किती पावलं टाकतो याचे हिशेब पाहिले आणि मग एकेक वस्तूची जागा ठरवली. खिडकीपाशी कामाची फळी, बसून काम करायला फिरतं स्टूल, छताला पुढे-मागे सरकणारा दिवा. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं तिथं बांधली गेली. त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती रास्त होती. जागा एकाच माणसापुरती असल्यामुळे दुसऱ्याला मदतीला येताच येत नव्हतं. मला यातल्या दोन्ही गोष्टी मोलाच्या वाटतात. नकाशा कामाच्या ओघातून निघाला पाहिजे, आणि काम करणारे किती जण आहेत हे आधी विचारलं पाहिजे.

पुढे 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात घरांवर काम करणाऱ्यांनी सिंक, शेगडी आणि फ्रिज यांच्यामधल्या त्रिकोणाचा नियम पुढे आणला. त्रिकोणाची प्रत्येक बाजू चार ते नऊ फुटांची आणि तिन्ही मिळून तेरा ते सव्वीस फूट. नियम चांगला आहे, पण एकाच भिंतीला सगळा ओटा असेल तिथं त्रिकोण होतच नाही. अशा घरात मी फक्त क्रम बघतो: फ्रिज, मग सिंक, मग मोकळा ओटा, मग शेगडी. वस्तू बाहेर येते, धुतली जाते, चिरली जाते, शिजते. सिंक आणि शेगडी यांच्यामधला ओटा सगळ्यांत जास्त राबतो. तो किमान 90 सेंमी तरी मोकळा ठेवा. तिथंच मिक्सर, तिथंच पाण्याचं यंत्र, तिथंच भांडी निथळायची जाळी असं केलं की कामाला वीतभर जागा उरते आणि चार मीटरचा ओटा असूनही माणूस कोपऱ्यात उभा राहून चिरतो. दुसऱ्या टोकाला, फ्रिजच्या शेजारी, हातातलं भांडं टेकवायला हातभर जागा हवी. समोरासमोर दोन ओटे असतील तर मधली वाट एकाच्या वावराला 105 सेंमी आणि दोघांच्या वावराला 120 सेंमीच्या आसपास असावी. याहून कमी असेल तर ट्रॉली उघडली की वाट बंद होते.

हे सगळं नुसतं चित्रात कळत नाही. खोली रिकामी झाल्यावर जमिनीवर खडूनं पूर्ण मापाचा नकाशा काढा. फ्रिजचं दार, ओव्हनचं दार, ट्रॉल्या जेवढ्या बाहेर येणार तेवढ्या रेषा मारा. मग त्यात उभं राहून रोजचा स्वयंपाक केल्यासारखं फिरा. कोपऱ्यातल्या दोन ट्रॉल्या एकमेकींच्या हँडलवर आपटणार आहेत, हे तिथं लगेच दिसतं. मग त्या कोपऱ्यात पाच-सहा सेंमीची पट्टी सोडता येते. फ्रिज भिंतीला चिकटून असेल तर त्याचं दार काटकोनातच अडतं आणि आतले खण बाहेर निघत नाहीत. तिथंही फट सोडावी लागते. खडूची रेघ पुसता येते.

आता भिंतीच्या आत काय असतं त्याकडे येतो. माझ्या मते पैशाचा आणि विचाराचा पहिला हक्क तिथं आहे.

सिंक एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर न्यायचं, हे बोलायला सोपं असतं. सांडपाण्याच्या पाइपला दर मीटरला साधारण दोन सेंमी उतार लागतो. म्हणजे तीन मीटर लांब नेलं तर सहा सेंमी. तेवढा उतार जमिनीत किंवा कपाटाच्या मागे बसणार आहे का, हे आधी प्लंबरला विचारा, नंतर सुताराला. उतार कमी पडला की चिकट पाणी पाइपात थांबतं, थर धरतं आणि पाइप तुंबतो. सिंकच्या खालच्या वाकड्या पाइपात पाणी साठून राहतं ते मुद्दाम ठेवलेलं असतं, त्या पाण्यामुळे गटारातला वास वर येत नाही. तो वाकडा पाइप हातानं उघडता यायला हवा. कपाटाची मागची फळी स्क्रूनं लावा, खिळ्यांनी नको. पाणी बंद करायचा कॉक ट्रॉलीच्या मागे दडवू नका. भिंत बुजवण्याआधी नव्या पाइपांत दाब भरून गळती तपासून घ्या. आणि त्याच वेळी प्रत्येक भिंतीला टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढे कपाट टांगायला भोक पाडताना तो फोटो पाइप वाचवतो.

गॅसबद्दल लोक बेफिकीर असतात, याची मला खरोखर काळजी वाटते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी, बाहेरच्या मोकळ्या हवेकडे उघडणारी जाळी हवी. पाइपलाइननं येणारा नैसर्गिक गॅस बहुतांश मिथेन असतो आणि तो हवेपेक्षा हलका असतो, वर चढतो. त्याला वरच्या बाजूला वाट हवी. दोन्ही गॅसना एकच जाळी चालत नाही. सगळं बंदिस्त आणि गुळगुळीत दिसावं म्हणून जाळीच नको म्हणणारं गिऱ्हाईक मला भेटतं, तेव्हा मी ते काम घेत नाही.

विजेचा हिशेब कागदावर करता येतो. 230 व्होल्टच्या लाइनवर 2000 वॅटचं उपकरण जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतं. अशी दोन उपकरणं एकाच 16 अँपिअरच्या लाइनवर एका वेळी चालली की भार साडेसतराच्या आसपास जातो. म्हणून ओव्हन, पाणी तापवायचं यंत्र आणि भांडी धुण्याचं यंत्र यांना वेगवेगळ्या लाइनी हव्यात, अर्थिंग हवं आणि 30 मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारा स्विच हवा. पॉइंट सिंकच्या अगदी शेजारी नको आणि शेगडीच्या मागे तर नकोच. आज तुमच्याकडे जेवढी यंत्रं आहेत त्याहून दोन-तीन पॉइंट जास्त घ्या.

चिमणी घेताना लोक तिच्या ताकदीचा आकडा बघतात आणि तिचा पाइप मात्र चार वळणं घेत नेतात. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. पाइप आखूड, सरळ आणि कंपनीनं सांगितलेल्या जाडीचा असेल तर साधी चिमणीही चांगलं काम करते. शेगडीपासून तिची उंची यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत दिलेली असते, बहुधा 65 ते 75 सेंमी. ज्या चिमणीला बाहेर जाणारा पाइपच नाही ती तेल आणि थोडा वास धरते. वाफ आणि ज्योतीतून निघणारे वायू तसेच्या तसे खोलीत परत सोडते. खिडकी असेल तर ती कपाटानं बुजवू नका.

दिवा खोलीच्या मध्यावर एकच लावला की ओट्याशी उभ्या माणसाची सावली त्याच्याच हातावर पडते. वरच्या कपाटाच्या तळाशी, पुढच्या काठाकडे पट्टी दिवा लावा. सुरीचं काम उजेडात व्हायला हवं.

कपाटांचं माप भांड्यांवरून निघतं. घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं आणि सगळ्यांत रुंद ताट माझ्यासमोर ठेवा असं मी सांगतो, त्यांचा व्यास आणि उंची वहीत लिहून घेतो आणि त्यावरून ट्रॉल्यांची खोली ठरवतो. त्याच वेळी ज्या वस्तू वर्षात एकदाही निघत नाहीत त्या वेगळ्या काढायला सांगतो. पुष्कळदा एक अख्खं कपाट कमी होतं. जड भांडी गुडघा आणि छाती यांच्यामधल्या पट्ट्यात राहिली पाहिजेत. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, भांड्याचं वजन वेगळं. ते डोक्याच्या वरच्या फडताळातून खाली उतरवायला लावणं हे कुणाच्याही खांद्यावर अन्याय आहे. ओट्याखाली दारांच्या कपाटापेक्षा पूर्ण बाहेर येणाऱ्या ट्रॉल्या घ्या, मागची वस्तू काढायला गुडघे टेकावे लागत नाहीत. पैसे कमी पडत असतील तर शटर साधी घ्या, पण चॅनेल, म्हणजे ट्रॉली सरकते त्या पट्ट्या, आणि बिजागऱ्या भार पेलणाऱ्या घ्या.

कपाटाचा सांगाडा जमिनीवर न टेकवता दहा-बारा सेंमीच्या पायांवर उभा करा, म्हणजे फरशीवर पाणी सांडलं तरी फळी भिजत नाही. पुढची पट्टी सात-आठ सेंमी आत घ्या. तिथं पावलं शिरतात आणि माणूस ओट्याला भिडून सरळ उभा राहतो. ही जागा नसली की पाय मागे राहतात, अंग पुढे झुकतं. सिंकखाली भुसा दाबून केलेला बोर्ड अजिबात नको, एकदा फुगला की तो पूर्ववत होत नाही. पाण्याला टिकणारा प्लाय घ्या आणि कापलेली प्रत्येक कड, आतली, मागची, पाइपासाठी पाडलेल्या भोकाची, सगळ्या कडा बंद करून घ्या. पाणी कडेतून शिरतं.

आणि माझ्या भावांना, म्हणजे इतर सुतारांना, एक सांगणं. भिंत काटकोनात आहे असं धरून चालू नका. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करा; तिरपं माप बरोबर पाच फूट आलं तरच कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत लहान मापावर सांगाडा बनवा. शेवटचं माप प्लॅस्टर आणि टाइल झाल्यावरच. जुन्या फरशीवर नवी बसवली तर चिकटवणीसकट जमीन दीड-दोन सेंमी वर येते. कोपराच्या मापानं ठरवलेला ओटा तेवढा बुटका होतो आणि सगळी मेहनत तिथं वाया जाते.

दगडाबद्दल शेवटी लिहितो. ग्रॅनाईट उष्णता सोसतो. संगमरवरावर आम्ल पडलं की ते त्याला खातं, त्याची चकाकी जाते. कारखान्यात राळ घालून बनवलेला क्वार्ट्झ एकसारखा आणि देखणा दिसतो, पण चुलीवरून उतरवलेलं तापलेलं भांडं थेट ठेवलं तर ती राळ करपते. हे गिऱ्हाइकाला कळायला हवंच. त्याहून मोठी गोष्ट कापणाऱ्याची आहे. या क्वार्ट्झमध्ये स्फटिकी सिलिका 90 टक्क्यांहून जास्त असू शकते. तो कोरडा कापला की सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. त्यावर इलाज नाही. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून असा दगड बनवणं, पुरवणं, कापणं आणि बसवणं यांवर बंदी घातली. ग्रॅनाईटमध्येही सिलिका असते, प्रमाण कमी, पण धूळ तीच. माझ्याबरोबर काम करणारी पोरं विशी-पंचविशीतली आहेत. ओटा कापायचं यंत्र तुमच्या दारात सुरू होईल तेव्हा पात्यावर पाण्याची धार आहे का आणि कापणाऱ्याच्या तोंडावर धुळीचा खरा मास्क आहे का, ते बघा. नुसता रुमाल बांधला असेल तर काम थांबवायला सांगा. तुम्ही सांगितलंत तर ठेकेदार ऐकतो.

आपला नम्र,
एक सुतार